मागील आसनाच्या मोहिमेची हकीकत

श्री. जो विघ्ने हरितो आणि रस्त्यातील खड्डे कोणाचे कृपेने पडले हेही जाणतो, परंतु बोलत नाही, त्या गजाननास नमन. आणि जी शारदा खरे लिहिणारास व खोटे लिहिणारास एकच लेखणी देते, तीसही नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात मोटारीचे मागील आसनावरून जी मोहीम जाहली, ती सेवकाने काही डोळां पाहिली, काही भिंतीतून ऐकिली, ती येणेप्रमाणे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण सेवकाची स्वतःची गाडी त्याच राज्यात तेल बदलावयास जाते आणि पुढेही जाणे आहे. राज्य म्हणजे गाड्या विकणे आणि विकिलेल्या गाड्या दुरुस्त करणे. दर्शनी काचेचा महाल, मागे पत्र्याची कार्यशाळा. महालात नवी गाडी घेणारास हार, पेढा, नारळ आणि फोटो. तोच मनुष्य सहा महिन्यांनी मागील दाराने आला की त्यास टोकन आणि 'बसा'. राज्याचे धनी कोणी पाहिले नव्हते, त्यांची तसबीर मात्र होती, आणि तसबिरीखाली 'ग्राहक आमचे दैवत' ऐसी पितळी अक्षरे होती, त्यांवर रोज ओले फडके फिरत असे. कारण त्या राज्याचा मूळ धर्म धुण्याचा. गाडी कोणत्याही दुखण्याने आली तरी तीस आधी न्हाऊ घालावे, मग पुसावे, मग चाकांस काळे लावावे, आणि गाडीच काय, तिच्यातून काढिलेला एखादा सुटा भागही टेबलावर ठेवावयाचा तर रॉकेलने धुऊन लखलखीत करूनच ठेवावा, ऐसा वरून हुकूम होता. दुखणे गेले किंवा न गेले, गाडी मात्र चकचकीत परत मिळे, आणि पुष्कळ लोक तेवढ्यावर समाधानी असत.

त्या राज्याचे छत्राखाली एक गृहस्थ नांदत होते, मुकुंदराव चांदोरकर, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. धरणाचे दरवाजे उघडण्याचा हुकूम त्यांनी हात न कापता दिला होता, परंतु समोरचा मनुष्य 'काका' म्हणाला की त्यास नाही म्हणणे त्यांस साधत नसे. त्यांची पत्नी हेमलताबाई हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त जाहल्या होत्या, आणि पैकीच्या पैकी गुण देताना त्यांचा हात फार थोड्यांनी पाहिला होता. सेवक या उभयतांचा शेजारी, मधली भिंत सामाईक आणि पातळ. घरात पहिली गाडी आली तेव्हा हेमलताबाई पुढे बसत, आणि नसलेला ब्रेक पायाने दाबीत, आणि 'ट्रक', 'म्हैस', 'खड्डा' ऐसे एकेक शब्द उच्चारीत, आणि मुकुंदराव प्रत्येक शब्दास उत्तर देत, मग उत्तरास उत्तर, ऐसे होता होता एकदा घाटात गाडी बाजूस लावून उभयतां पाऊण तास दोन निरनिराळ्या दगडांवर बसून राहिले. त्याजवर तह जाहला. बाईंनी मागे डावे बाजूस बसावे आणि रस्त्याविषयी बोलू नये, रावांनी चालवावे आणि बाईंविषयी बोलू नये, आणि या तहावर एकवीस वर्षे शांतता नांदली. वास्तविक हेमलताबाईंस गाडी येत होती. त्यांचे वडील अप्पासाहेब साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, त्यांनी लेकीस कारखान्याचे आवारात जीप शिकविली होती. परंतु 'तुझा पाय जड आहे' ऐसे मुकुंदराव एकदा बोलिले, तेव्हापासून बाईंचा परवाना दर मुदतीस नवा होई आणि पुन्हा कपाटात जाई. अप्पासाहेब आता एक्याण्णव वर्षांचे, वीस कोसांवर धाकट्या लेकाकडे राहतात, आणि दर गुरुवारी लेक येते म्हणून सकाळपासून ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतात.

तो कार्तिकाचे पहिले गुरुवारी स्वारी निघाली. हेमलताबाईंचे मांडीवर अळूच्या भाजीचा डबा, अप्पासाहेबांस ती फार प्रिय, आणि गावाबाहेर गतिरोधक आला आणि मुकुंदरावांनी ब्रेक दाबिला, तो मागील आसनाची पाठ आपली जागा सोडून बाईंचे पाठीवर येऊन पडली. त्या पाठीस वरचे बाजूस एक खटका असतो, तो आतल्या दांडीस धरून बसला की पाठ उभी राहते आणि सुटला की सामान ठेवावयास ती आडवी करिता येते. तो खटका झिजून सुटला होता. बाई पुढे वाकल्या, डब्याचे झाकण उडाले, आणि अळूची भाजी मुकुंदरावांचे कॉलरात गेली. तरी त्या दिवशी बाईंनी एक हात मागे घालून, आसन धरून, तैसेच वीस कोस कापिले, वडिलांस भेटल्या आणि तैसेच परत आल्या. दुसरे दिवशी खांदा वर उचलेना. मग मुकुंदराव गाडी घेऊन राज्यात गेले.

तेथे सल्लागार केतन हसबनीस याने सामोरे येऊन अदबीने चौकशी केली. हा मनुष्य तिशीचा, शर्टास इस्त्री, जिभेस साखर, आणि त्याचे ठायी 'नाही' हा शब्दच नव्हता, त्याऐवजी तो 'चेक करतो' ऐसे म्हणत असे. त्याने जॉब कार्ड लिहिले, नवा खटका मागविला, आणि कार्यशाळेतील जुने कारागीर गजाबा मिस्त्री यांजकडे काम दिले. सायंकाळी गाडी न्हाऊन माखून बाहेर आली, आणि बिलाबरोबर एक प्लास्टिकची पिशवी, तोंडास पिना मारिलेली, वर 'जुना भाग, ग्राहकास परत' ऐसी चिठ्ठी. हा त्या राज्याचा दुसरा रिवाज की काढिलेला भाग ग्राहकास परत द्यावा आणि पोच म्हणून सही घ्यावी, जेणेकरून बदलिले किंवा नाही ऐसा संशय कोणास न राहावा. मुकुंदरावांनी सही केली आणि पिशवी न उघडता डिकीत टाकिली. मग केतन जवळ सरकला आणि बोलिला, "काका, एकच रिक्वेस्ट होती. हेड ऑफिसमधून फोन येईल, दहापैकी किती म्हणून विचारतील. दहाच सांगा हं. नऊ दिले तरी माझं कार्ड लाल होतं." तिसरे दिवशी फोन आला, आणि मुकुंदरावांनी मागील आसनास हातही न लाविता दहा गुण दिले. हेमलताबाई स्वयंपाकघरातून विचारित्या जाहल्या, "कशाचे दहा?" राव बोलिले, "अगं, चांगला मुलगा आहे." बाई बोलिल्या, "पेपर तपासलात का?"

दुसरा गुरुवार उजाडला, स्वारी निघाली, आणि त्याच गतिरोधकावर आसन पुन्हा बाईंचे पाठीवर. या खेपेस बाई 'परत चला' इतकेच बोलिल्या, आणि गाडी अर्ध्या कोसावरून फिरली. मुकुंदराव पुन्हा राज्यात गेले, आणि केतन पुन्हा 'चेक करतो' बोलिला, आणि ट्रायल जाहली. ट्रायलचा रिवाज ऐसा की सल्लागाराने चालवावे, गाडीचे धन्याने शेजारी बसावे, आणि उभयतांनी पुढे बसून मागचे दुखणे शोधावे. मागे कोणी बसत नसे, कारण धुतलेल्या आसनावर प्लास्टिकचे पांढरे आवरण घातलेले असे आणि त्यास सुरकुती पडू देऊ नये ऐसा हुकूम. दोघे एक कोस जाऊन आले. आसन तसूभर हलले नाही. केतन बोलिला, "बघा काका, रॉक सॉलिड," आणि मुकुंदरावही 'हो रे' बोलिले, आणि जॉब कार्डावर 'दोष आढळला नाही' ऐसा शेरा पडला, आणि गाडी दुसऱ्यांदा न्हाऊ घातिली. तिसऱ्या गुरुवारी बाई बसल्या, आणि गल्लीचे तोंडाशी एका कुत्र्यासाठी ब्रेक लागला, आणि आसन आले. बाई उतरून, डबा घेऊन, घरापर्यंत चालत गेल्या. सेवक तेव्हा फाटकात उभा होता, आणि त्यांचा उजवा खांदा डाव्याहून खाली होता हे सेवकाने पाहिले.

मग उभयतां मिळून राज्यात गेले आणि थेट वर्क्स मॅनेजर श्रीरंग टोणपे यांचे भेटीस मागणी केली. हे टोणपे त्या कार्यशाळेचे सेनापती, देहाने दांडगे, काचेच्या खोलीत थंड हवेत बसून बाहेरच्या उकाड्यावर राज्य करीत. त्यांनी संगणक फिरवून दाखविला, आणि त्यावर मुकुंदरावांचे दहा गुण हिरव्या अक्षरांत झळकत होते. टोणपे बोलिले, "सर, तुम्ही स्वतः पूर्ण समाधानी असल्याचं रेकॉर्ड आहे. नंतर ट्रायल झाली, त्यात तुम्ही स्वतः होतात. आता मी काय लिहू?" हेमलताबाई बोलिल्या, "समाधानी ते होते. मागे मी बसते." तेव्हा टोणप्यांनी बाईंस वरपासून खालपर्यंत एकवार पाहिले आणि आवाज मऊ करून बोलिले, "मॅडम, राग मानू नका, पण काही जण जरा जोर देऊन टेकतात. लोड येतो. आणि एकदा मनात बसलं ना, की मग बारीकसा धक्काही मोठा वाटतो. भास होतो." ऐसे बोलोन ते हसले, आणि केतनही अदबीने थोडा हसला. यात नवल काही नाही, ते त्यांचे राज्य आणि तो त्यांचा उद्योग. परंतु बाईंनी मान वळवून मुकुंदरावांकडे पाहिले, आणि मुकुंदराव, ज्यांनी पुरात तीन गावे वाचविली, ते खिडकीबाहेर पाहत बोलिले, "तू जरा पुढे सरकून बसून बघतेस का?" सेवकास हे वाक्य स्वतः मुकुंदरावांनीच पुढे सांगितले, आणि सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. गाडी तिसऱ्यांदा धुतली.

त्या दिवसापासून घरात बोलणे राहिले नाही. भांडण असते तर सेवकास भिंतीतून काही तरी लाभ जाहला असता, परंतु भांडणही नव्हते. भांडी जपून ठेविली जात, दार हलके लाविले जात, आणि ही शांतता एकवीस वर्षांचे तहातली नव्हे हे कोणाही शहाण्यास कळावे. चौथ्या गुरुवारी मुकुंदराव सकाळी चाव्या घेऊन उभे राहिले आणि बोलिले, "पुढे बस. मी काही बोलणार नाही." बाई बोलिल्या, "बोलायचं होतं तिथे बोलला नाहीत, आता न बोलून काय उपयोग?" आणि त्या बसल्या नाहीत. दुपारी फोन वाजला. बाईंस वडिलांशी मोठ्याने बोलावे लागते, म्हणोन सेवकास शब्दन्‌शब्द कळला. अप्पासाहेबांनी काय विचारिले ते त्यांच्या उत्तरांवरून समजावे. बाई बोलिल्या, "हो अप्पा, गुरुवारच आहे." मग, "नाही, बरी आहे मी." मग, "गाडीचं काम निघालंय." मग, "नका बसू हो उन्हात. आत जाऊन पडा. मी आले की हाक मारीन." फोन ठेविल्यावर बाई रडल्या. सेवकाने रेडिओ लाविला होता तो बंद केला, आणि खरे सांगणे तर सेवकासही वाईट वाटले, कारण एक्याण्णवाव्या वर्षी माणसाजवळ गुरुवार किती उरले असतात ते हिशेबाबाहेरचे.

पाचवा गुरुवार, मार्गशीर्ष लागला होता. प्रातःकाळी हेमलताबाईंनी कपाट उघडून परवाना काढिला, अळूच्या भाजीचा डबा भरिला, सेवकाचे दारी आल्या आणि बोलिल्या, "भाऊ, तासभर वेळ आहे? एक साक्षीदार लागेल." सेवकास तालुक्याचे नाक्यावर काम होतेच, तो निघाला. मुकुंदराव पुढे डावे बाजूस बसले, सेवक उजव्या अंगास मागे, पाठ न टेकता पुढील आसन धरून बसला, आणि बाईंनी चाक हाती घेतले. पाय खरोखरीच जड होता, सेवकाने दोनदा डोळे मिटिले, परंतु स्वारी राज्याचे दारी सुखरूप पोहोचली. द्वारपालाने किलोमीटर लिहून घेतले आणि सवयीने वॉशिंगकडे बोट दाखविले. बाई बोलिल्या, "आज अंघोळ नको." मग त्या काचेच्या खोलीपाशी गेल्या आणि टोणप्यांस बोलिल्या, "ट्रायल घ्यायची आहे. चालवणार मी. मागे तुम्ही बसायचं." टोणपे बोलिले, "मॅडम, आमची प्रोसेस वेगळी असते." बाई बोलिल्या, "प्रोसेस तीन वेळा झाली. भासच आहे ना? मग भासाला कसली भीती?" बसण्याच्या जागी दहा-बारा ग्राहक फुकटची कॉफी पीत बसले होते, त्यांनी कॉफी खाली ठेविली. टोणप्यांनी ते पाहिले आणि उठले. बाई मुकुंदरावांकडे वळून बोलिल्या, "तुम्हीही मागे. सहा वर्षं गाडी आहे, एकदा तरी बसून बघा." मुकुंदराव मागे जाऊन बसले, त्यांचे शेजारी डाव्या अंगास, बाईंचे जागी, टोणपे बसले, पांढऱ्या आवरणास सुरकुत्या पडल्या, आणि पुढे बाईंचे शेजारी साक्षीदार म्हणोन सेवक.

गाडी फाटकातून निघाली आणि बेताच्या वेगाने राज्याचे भोवताली जो रस्ता आहे त्यास लागली. टोणपे पाठ टेकून, हात पोटावर ठेवून, "बघा मॅडम, काहीच नाही," ऐसे बोलत होते, आणि पुढे राज्याचा स्वतःचाच गतिरोधक आला, पिवळ्या पट्ट्यांचा, आणि हेमलताबाईंनी ज्या पायाने कारखान्याचे जीपेस वळण लाविले होते तो पाय ब्रेकवर ठेविला. मागे 'खट्' ऐसा शब्द जाहला आणि आसनाची पाठ टोणप्यांवर स्वार जाहली. ते पुढील आसनास कपाळ टेकून, दोन्ही हात पुढे पसरून, देवापुढे लोटांगण घालावे तैसे स्थिर राहिले, आणि ती पाठ दोघांचे मिळून रुंदीची असल्याने मुकुंदरावही अर्धे दबले. बाईंनी इंजिन बंद केले आणि मागे न पाहता टोणप्यांस विचारिले, "जोर देऊन टेकला होतात का?" मुकुंदराव त्या ओणव्या स्थितीत, आसनाखालून, बोलते जाहले, "हेमा, तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." बाई बोलिल्या, "आधी बाहेर या, मग परत एकदा म्हणा." आणि ते बाहेर आले, आणि शर्ट सारखा करून, भर रस्त्यात, द्वारपालाचे देखत, पुन्हा एकदा म्हणाले.

मग गाडी कार्यशाळेत गेली आणि गजाबा मिस्त्री आले, साठीचे, हातास ग्रीस, कपाळास चष्मा. त्यांनी खटका उतरविला, उजेडात धरिला, दांडीस धरणारा त्याचा ओठ पाहिला, आणि त्यावरून नख फिरविले. मग विचारिले, "ताई, जुना खटका दिला होता पिशवीत, तो हाय का?" बाईंनी डिकीतून पिशवी काढिली. पिना तशाच, चिठ्ठी तशीच, मुकुंदरावांची सही तशीच. गजाबांनी पिना काढिल्या, तो आत काळ्या तेलात माखलेला एक खटका, त्यांनी तो अंगठ्याने पुसला, तो खालून कोरा करकरीत, ओठ भरलेला, धार शाबूत. तो नवा होता. सांप्रत गजाबांचे बोलणे जैसे ऐकिले तैसे लिहितो. "नवा माल तेलात बुडवून येतो, गंजू नये म्हणून. जुना मी काढला, आन् हितला नियम, धुऊन ठेवला टेबलावर. तेवढ्यात हेड ऑफिसची पाहणी आली म्हणून आमाला समद्यांना रांगेत उभं केलं. परत आलो, तर एक चकचकीत, एक मळका. चकचकीत तो नवा समजून बसवला. चष्मा कपाळावर होता, डोळ्यावर नव्हता. झिजलेला खटका अर्धाच धरतो, ताई. रिकामं आसन उभं राहतंय, माणूस टेकला आन् ब्रेक लागला की सोडतोय. चूक माझी हाय." ऐसी त्या राज्यात महिन्याभरात ही पहिली गोष्ट जी कोणी 'चेक करतो' न म्हणता सांगितली. बाई बोलिल्या, "तुम्ही सांगितलंत, झालं." गजाबांनी तेथेच, चष्मा डोळ्यांवर ओढून, पिशवीतला खटका आसनास बसविला, स्वतः त्यावर बसून, पाठीने तीन वेळा हिसडे देऊन पाहिले, आणि झिजलेला खटका पिशवीत घालून बाईंचे हाती दिला. बाईंनी जॉब कार्ड मागवून 'आढळला नाही' यातला 'नाही' टोणप्यांचे हातून खोडविला. टोणपे कपाळ चोळीत बोलिले, "मॅडम, आमच्याकडून एक फ्री वॉश घ्या." तेव्हा गजाबाच मोठ्याने हसले, आणि मग कॉफी पिणारे सर्व.

तेथून गाडी तैसीच अप्पासाहेबांकडे निघाली, बाई चाकावर, मुकुंदराव मागे डावे बाजूस, सेवक त्यांचे शेजारी. नाक्यावर उतरावयाचे होते, परंतु सेवक उतरला नाही. अप्पासाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. गाडी थांबली, आणि त्यांनी लेकीस चाकामागे पाहिले, आणि बराच वेळ ओळखीचे काही आठवीत राहिले, मग बोलिले, "क्लच अजून दणका देऊन सोडतेस." बाई बोलिल्या, "उशीर झाला, अप्पा." ते बोलिले, "जेवलो नाही मी. अळू आणलंस ना?" बाईंनी डबा उघडला, आणि त्यात एक थेंब सांडला नव्हता. जेवण चालले असता हेड ऑफिसचा फोन आला, या खेपेस बाईंचे नंबरावर, आणि गोड आवाजाने विचारिले की दहापैकी किती. हेमलताबाईंनी क्षणभर विचार केला, तीस वर्षांची सवय, आणि बोलिल्या, "गजाबा मिस्त्रींना आठ. दोन चष्म्याचे कापले. तुमच्या प्रोसेसला शून्य." पलीकडून पुसले, मॅडम, आणि सल्लागार केतन यांना? बाई बोलिल्या, "तो पेपरलाच बसला नाही. गैरहजर लिहा." केतनचे कार्ड कोणत्या रंगाचे जाहले ते सेवकास कळले नाही.

येणेप्रमाणे मागील आसनाची मोहीम समाप्त जाहली. राज्य आहे तैसेच आहे, गाड्या धुतल्या जात आहेत, फक्त ट्रायलीस आता एक मनुष्य मागे बसवितात, आणि तो बहुधा केतन असतो. चांदोरकरांचे घरी नवा तह जाहला, त्यात बाईंनी चालवावे आणि रावांनी मागे बसावे, रस्त्याविषयी बोलू नये. गुरुवार एकही चुकत नाही, आणि सेवकास नाक्यापर्यंत फुकट स्वारी मिळते. गेल्या गुरुवारी मुकुंदराव कान देऊन बोलिले, "मागे काहीतरी खुळखुळतंय." बाई आरशात न पाहता बोलिल्या, "भास आहे." राव बोलिले, "अगं, स्पष्ट येतोय आवाज." बाई बोलिल्या, "जरा पुढे सरकून बसून बघा." मग राव सेवकाकडे वळले आणि बोलिले, "भाऊ, तुम्ही सांगा, तुम्हाला येतोय ना?" आता ती पिशवी, झिजलेल्या खटक्याची, बाईंनी स्वहस्ते डिकीत ठेविलेली सेवकाने पाहिली होती, आणि ती तेथे प्रत्येक खड्ड्यास वाजते. परंतु आरशातून बाईंचे डोळे सेवकावर होते, आणि नाका अद्याप नऊ कोस दूर होता. सेवकाने कान दिला, थोडा वेळ घेतला, आणि दोष आढळला नाही ऐसे सांगितले.